शेवटचा भाग पुसला कोणी?

साहित्याला वाहिलेल्या या पानांवर विलायतेतील एका दूरचित्रवाणी-मालिकेचा, आणि तीही पोराबाळांसह साऱ्या घराने पाहावी म्हणून निघालेल्या विज्ञानकल्पित मालिकेचा विषय आम्ही काढीत आहोत, याबद्दल काही वडीलधारे वाचक नाक मुरडतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी ते खुशाल मुरडावे. मात्र लेख वाचून होईपर्यंत अंक रद्दीत टाकू नये, एवढीच विनंती. कारण रद्दी हाच या लेखाचा खरा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. लंडनच्या बी. बी. सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू केली. काळाच्या प्रवाहात वाटेल तसा मागेपुढे संचार करणारा एक विक्षिप्त प्रवासी हा तिचा नायक. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौस जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने केले होते, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. या मालिकेच्या चौथ्या हंगामाची अखेर शनिवार, १ जुलै १९६७ रोजी झाली. अखेरच्या कथेचे नाव 'दि ईव्हिल ऑफ द डॅलेक्स', लेखक डेव्हिड व्हिटेकर, भाग सात. डॅलेक म्हणजे धातूच्या कवचात बसून हुकूम पाळणारे आणि संहार करणारे जीव. माणसांच्या हातून आपण वारंवार का हरतो, हे कोडे सोडविण्यासाठी ते डॉक्टरला वेठीस धरतात आणि मनुष्यत्वाचा अर्क काढून देण्यास भाग पाडतात. तो अर्क तीन डॅलेकांत उतरविला जातो आणि भलतेच घडते. ते तिघे पोरांसारखे खेळू लागतात. पुढे अखेरच्या भागात ही बाधा इतरांतही पसरते. वरिष्ठाचा हुकूम कानी पडताच तो अमलात आणण्याऐवजी काही डॅलेक उलट विचारतात : "का?" या एका अक्षराने त्यांचे साम्राज्य दुभंगते. विचारणारे आणि न विचारणारे यांच्यात यादवी माजते, आणि सम्राटाच्या राजधानीची राखरांगोळी होते.

हा शेवटचा भाग आज पाहावयास मिळत नाही. सात भागांपैकी केवळ दुसरा तेवढा चित्ररूपाने शिल्लक आहे. बाकीचे जळाले नाहीत, पुरात गेले नाहीत, त्यांची चोरीही झाली नाही. ते रीतसर पुसण्यात आले, आणि आमचे सारे भांडण या 'रीतसर' शब्दाशी आहे.

त्या काळी चित्रमुद्रण दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर होई. ती फीत महाग, पण पुसून पुन्हा वापरता येणारी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादा कार्यक्रम किती वेळा व किती काळ पुन्हा दाखवावा यावर मर्यादा होती. ती मुदत संपली की फितीचा उपयोग उरत नसे. परदेशी विक्रीसाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढीत, त्यांचेही विक्रीचे हक्क संपले की त्या नुसत्या जागा अडवीत. त्यात रंगीत चित्रवाणी आली, तेव्हा काळ्यापांढऱ्याला कोण विचारतो? झाले. कोणी तरी यादी केली, कोणी तरी तिच्यावर सही केली, तिसऱ्याने फीत यंत्रावर चढविली. या तिघांपैकी एकही खलपुरुष नव्हता. तिघेही आपल्यासारखेच वक्तशीर, हिशेबी, जबाबदारीने वागणारे कर्मचारी असले पाहिजेत, आणि म्हणूनच हे प्रकरण इतरांपेक्षा आपल्यासारख्यांना अधिक झोंबावे. 'का' असे विचारणाऱ्या डॅलेकांची कथा, 'का' असे न विचारणाऱ्या माणसांनी पुसून टाकली!

हा एखाददुसरा अपघात असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. या मालिकेच्या पहिल्या सहा हंगामांच्या अखेरी काय गतीस गेल्या, ते पाहावे. पहिल्याची अखेर फ्रेंच राज्यक्रांतीच्या कथेने झाली. तिच्या सहा भागांपैकी चौथा व पाचवा नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामाच्या अखेरी आज पाहता येतात, पण त्याचे श्रेय लंडनला नाही. त्यांच्या प्रती १९८० च्या दशकात नायजेरियातून परत आल्या. चौथ्याची कथा वर सांगितलीच. पाचव्याच्या सहांपैकी दोन भाग राहिले. सहाव्या हंगामाची १९६९ ची अखेर मात्र, जिच्यात नायकावर त्याचेच जातभाई खटला चालवितात, दहाच्या दहा भागांनिशी शाबूत आहे. यात गुणावगुणांचा निवाडा कोठेही दिसत नाही. चांगले ते राहिले आणि टाकाऊ ते गेले, असे कोणी म्हणू लागला तर त्याने हा हिशेब पुन्हा वाचावा. जे राहिले ते दूरच्या कोण्या भांडारात कोणी तरी डबा फेकला नाही म्हणून राहिले.

याची सर्वांत बोलकी साक्ष २०१३ साली मिळाली. नायजेरियातील जोस नावाच्या गावी चित्रवाणी केंद्राच्या कोठीत या मालिकेचे हरवलेले नऊ भाग सापडले. ज्या घरात मूल जन्मले त्या घराने ते टाकले, आणि हजारो मैलांवरच्या परक्या घराने, ते कोणाचे हे न विचारता, सांभाळले.

आता आक्षेपांकडे वळू. म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळींत हा विषय निघाला तेव्हा एका सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनी, जे आम्हांस पितृतुल्य आहेत, फर्मावले की पोरखेळ पुसला गेला तर जगाचे काही अडत नाही; ज्ञानेश्वरी पुसली गेली असती तर आम्ही तुमच्यासह रडलो असतो. या म्हणण्यात प्रतिष्ठितांचा एक जुना अहंकार आहे. कोणती वस्तू पोरखेळ आणि कोणती वाङ्मय, हे तिच्या जन्मकाळीच ज्यांना कळते अशा द्रष्ट्यांपुढे आम्ही हात जोडतो. परंतु असे द्रष्टे आम्हांस कार्यालयांतून आढळले नाहीत.

मराठी वाचकाला याचे घरचेच उदाहरण आहे. १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी. बी. सी. ने 'ए फॉर अँड्रोमिडा' ही सात भागांची विज्ञानकल्पित मालिका दाखविली. दूरच्या आकाशातून रेडिओ-दुर्बिणीवर एक संदेश येतो, त्यात एक यंत्र बांधण्याची कृती असते, आणि ते यंत्र बांधणाऱ्यांवरच उलटते, अशी ती कथा. जॉन इलियट यांच्यासह ती लिहिणारा गृहस्थ कोणी भाडोत्री लेखक नव्हता. तो केंब्रिजचा जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल होता. त्याच सुमारास त्याच्या हाताखाली जयंत विष्णु नारळीकर नावाचा मराठी तरुण संशोधन करीत होता. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस याच नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' अशी आपली आद्याक्षरे उलटी फिरविणारे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, पारितोषिक मिळविले, आणि मराठीत विज्ञानकथेला मानाचे पान मिळाले. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे गेले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. शास्त्रज्ञाने कथा लिहावी यात कमीपणा नाही, हा धडा शिष्याला कोठून मिळाला, याचा शोध उद्या एखाद्या अभ्यासकास घ्यावयाचा झाला, तर गुरूची ती मालिका त्याने पाहावी कोठे? तिचा सहावा भाग तेवढा संपूर्ण आहे. ज्यात ते यंत्र नष्ट होते त्या अखेरच्या भागासह बाकी सारे तुकड्यांवर आले आहे. पोरखेळ म्हणून जे पुसले, त्यात मराठी वाङ्मयेतिहासाचाही एक धागा तुटला, हे आमच्या पितृतुल्य मित्रांनी कृपया ध्यानी घ्यावे.

विलायतेस बोल लावून आम्ही स्वतः मोकळे होऊ पाहतो, असेही नाही. बी. बी. सी. ला निदान १९७८ च्या सुमारास जाग आली. पुसणे थांबले, आणि जगभर पत्रे धाडून प्रतींचा शोध सुरू झाला. आमच्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्या केंद्रावर पहिल्या दोन दशकांत काय काय होऊन गेले, हे आमच्या आईबापांनी आम्हांस तोंडी सांगितले आहे. 'प्रतिभा आणि प्रतिमा'त लेखक-कलावंत येऊन बोलत. 'गजरा' होता. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांच्या रूपाने घरोघर अवतरला होता. आज त्यांतले किती पाहावयास मिळते? मूठभर. फीत पुसून पुन्हा वापरण्याची रीत तेथेही होती, कारणेही तीच होती, आणि टिपणीवरची भाषासुद्धा फारशी निराळी नसावी. इंग्रजाचे राज्य गेले, पण त्याच्या दप्तराची एवढी एक सवय आम्ही इमानाने जतन केली.

पुसण्याचे दिवस गेले, असे समजणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात ऑक्टोबर महिन्यात डोकावून पाहावे. २०२१ सालापासून दर वर्षी २ ते ३१ ऑक्टोबर या अवधीत प्रलंबित कामे निकालात काढण्याची आणि स्वच्छतेची विशेष मोहीम चालते. (मुंबई दूरदर्शनचा वाढदिवस आणि मोहिमेचा आरंभ एकाच तिथीस यावा, हा निव्वळ योगायोग.) मोहीम वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तुटक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे, तीन तीन प्रतींतली परिपत्रके यांनी भरलेल्या खोल्या मोकळ्या झाल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आक्षेप आहे तो मोजमापाला. किती नस्त्या काढल्या, किती चौरस फूट जागा मोकळी झाली, भंगारापोटी किती रुपये तिजोरीत जमा झाले, हे सारे वर कळवावे लागते. काय राखले, हे कोणीच विचारत नाही. ज्या कोष्टकात राखण्याचा रकानाच नाही, त्यात राखणारा कर्मचारी आळशी ठरतो आणि फेकणारा कार्यक्षम.

पूर्वी आम्ही ज्या कार्यालयात होतो, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथील करमणूक-मंडळाच्या कपाटात ध्वनिफितींची एक पेटी होती. तीस-चाळीस वर्षांत त्या गावी आलेल्या मराठी, कानडी लेखकांची व्याख्याने तीत होती. मोहिमेत पेटी बाहेर आली. आधी त्यांच्या प्रती काढाव्यात, अशी टिपणी आम्ही ठेवली. उत्तर आले की, सदर पेटी मालमत्तेच्या नोंदवहीत नाही, सबब तिच्याविषयी कोणताही निर्णय घेता येत नाही. यावर आम्ही पुनश्च विचारले की, जी वस्तू नोंदवहीत नाही म्हणून राखता येत नाही, ती नोंदवहीत नसताना विकता कशी येते? या प्रश्नाचे उत्तर येण्यापूर्वी पेटी वजनावर गेली. आमच्या टिपणीवर 'पाहिले' असा शेरा तेवढा राहिला.

वास्तविक कायदा या बाबतीत मुका नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ याने 'अभिलेख' या शब्दात केवळ कागद धरलेला नाही. संगणकाने अथवा अन्य कोणत्याही उपकरणाने निर्माण केलेली सामग्रीही धरली आहे. रीत सोडून अभिलेख नष्ट करणारास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. १८९२ पूर्वीचा कागद तर, तो पार जीर्ण होऊन निरुपयोगी ठरला नसेल तोवर, नष्टच करावयाचा नाही. आपण 'क' वर्गाची नस्ती दहा वर्षांत काढतो ती या चौकटीत बसते. परंतु सरकारी यंत्रावर मुद्रित झालेला आवाज व चित्र कोणत्या वर्गात बसते, हे ठरविण्याची तसदी किती कार्यालयांनी घेतली आहे? वर्ग ठरला नाही म्हणजे वस्तू बेवारस, आणि बेवारस वस्तूचा वाली भंगारवाला.

दुसरा आक्षेप असा की सर्व काही राखता येत नाही. मान्य. नाहीच येत. पण हा आक्षेप घेणारे नेहमी फेकण्याच्या बाजूने का बोलतात, हे आम्हांस कळत नाही. सर्व काही फेकताही येत नाहीच की! आमची मागणी लहान आहे : पुसण्यापूर्वी एक प्रत दुसरीकडे गेलेली असावी, आणि दुसरीकडे म्हणजे त्याच इमारतीच्या तळघरात नव्हे, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाच्या हाती. इतिहास पाहा, वाचले ते असेच वाचले. म्हाइंभटाने जमविलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि महानुभावांनी ते हिराइसादिकांच्या आठवणींतून पुन्हा सिद्ध केले. डॅलेकांच्या त्या कथेचेही तसेच झाले. चित्र गेले, पण घरोघरच्या चाहत्यांनी ध्वनिमुद्रण यंत्रे लावून आवाज टिपून ठेवला होता. सातही भागांचा ध्वनी त्यांच्यामुळे वाचला आणि २०२१ साली त्यावरून रेखाचित्रांची हलती आवृत्ती तयार झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी तंजावरच्या शहाजीराजांनी मराठी नाटके रचली होती; ती तमिळ मुलखातल्या सरस्वती महालाने राखली म्हणून आपणांस कळली. आणि म्हैसुरात राहून एका गोष्टीचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. तंजावराकडच्या एका पंडिताने येथील प्राच्य ग्रंथालयास दिलेली ताडपत्रे १९०५ साली ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी वाचली, तो ते कौटिल्याचे अर्थशास्त्र निघाले. १९०९ साली ते छापले गेले. शासनशास्त्राचा तो आद्य ग्रंथ ग्रंथालयाच्या दारी आला त्या दिवशी तेथे जागा मोकळी करण्याची मोहीम चालू नव्हती, हे आपणा सर्व सरकारी नोकरांचे भाग्य.

या संदर्भात आपल्या वाचकांनी, म्हणजे मुलूख सोडून नोकरी करणारांनी, विशेष लक्षात ठेवण्याजोगा माणूस म्हणजे पी. के. नायर. तिरुवनंतपुरमचा हा मल्याळी गृहस्थ १९६५ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सहायक पदावर रुजू झाला आणि १९९१ पर्यंत तेथे राबला. पुण्याच्या मातीशी त्याचे नाते बदलीच्या हुकुमाएवढेच, असे म्हणून तो स्वस्थ बसू शकला असता. पण फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' व 'कालिया मर्दन' यांचे जे तुकडे आज आपण पाहू शकतो, ते अशा माणसाच्या हव्यासामुळे. आमचा मराठी वारसा एका मल्याळी सरकारी नोकराने राखला, यात आम्हांस लाज वाटत नाही, आनंदच वाटतो. त्याची फेड म्हणून आम्ही येथे कानडी मुलखात काय राखले, हा प्रश्न मात्र अस्वस्थ करतो. याच नगरीत १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी खासगी नभोवाणी केंद्र काढले आणि त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते नाव घेतले. त्या नावाच्या गावी बसून आवाजाची किंमत ओळखू नये, हे बरे नव्हे.

आता सारे संगणकावर असल्यामुळे चिंता नाही, हा तिसरा आक्षेप आम्ही एका वाक्यात निकालात काढतो : ज्याच्या कार्यालयातील जुना संगणक निर्लेखित होऊन लिलावात गेला आहे, त्याने तो उचलला जाण्याआधी त्यातील सामग्री कोणी व कोठे उतरवून घेतली, याची चौकशी करावी आणि मगच आमच्याशी वाद घालावा.

म्हैसूरच्या मंडळाच्या कपाटात गणेशोत्सवांतील नाटकांच्या, कोजागिरीच्या मैफलींच्या आणि पाहुण्यांच्या भाषणांच्या पुष्कळ फिती अजून आहेत. येथील पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरते. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही चौघे-पाच जण त्यांची यादी करावयास बसणार आहोत : काय आहे, कोणाचे आहे, कोणत्या साली झाले, आणि चालवावयास कोणते यंत्र लागते. वाजतील तेवढ्यांच्या दोन प्रती निघतील. एक येथे राहील, दुसरी परगावच्या एखाद्या मराठी मंडळाकडे जाईल. बडोदे, इंदूर, भोपाळ, हैदराबाद, कोठेही. ज्यांना आमच्या प्रती ठेवून घेता येतील, व ज्यांना आपल्या प्रती आमच्याकडे पाठवावयाच्या असतील, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. पाठविताना प्रत्येक पेटीत नावनिशीवार यादी ठेवावी, आणि ती पेन्सिलीने लिहावी. शाई ओलीने फुटते.